बंद टीव्हीतली खोली

१

आधी पडद्यातल्या बाबांनी चष्मा वर सरकवला आणि मग बाबांनी.

झालं होतं ते एवढंच. दुकानातला विक्रेता आम्हाला एका मोठ्या टीव्हीचा काळा रंग किती काळा आहे ते दाखवत होता आणि त्यासाठी त्याने तो बंद केला होता. भिंतीवरचे बाकीचे सगळे टीव्ही चालू होते. सगळ्यांवर एकच पोपट एकाच वेळी पंख उघडत होता आणि मधोमध हा एवढा बंद. त्याच्या काचेत आम्ही तिघं दिसत होतो. आई पर्स पोटाशी धरून, तिच्या मागे मी, आणि सगळ्यात पुढे बाबा, किंचित वाकलेले. काचेतल्या बाबांचा हात वर गेला आणि बोट चष्म्याच्या मधल्या दांडीला लागलं. मी सहज बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले होते. मग त्यांनी एक हात सोडवला आणि चष्मा वर सरकवला.

मी दचकले. त्यात नवल काही नाही. मागून कुणी हाक मारली तरी मी दचकते, दार आपटलं तरी दचकते. घरात मला भागूबाईच म्हणतात. आधी ‘भित्री’ लावायची कुणाला गरज वाटत नाही.

“काय गं, तोंड का असं झालंय?” आईने विचारलं.

“काही नाही.”

“जायचंय का कुठे? विचारू का त्यांना?”

“आई, प्लीज!”

विक्रेत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “बघा काका, काळा म्हणजे कसा काळा! विहिरीत बघितल्यासारखं.”

“वा!” बाबा म्हणाले. “हाच घ्यायचा.”

२

टीव्ही घ्यायचा ठरला तो बाबांच्या डाव्या कानापायी. त्या कानाने त्यांना ऐकू येईनासं झालं आणि उजव्याचाही भरवसा राहिला नाही, तेव्हा आमचा जुना टीव्ही दिवसभर किंचाळायला लागला. शेजारच्यांनी दोनदा दार वाजवलं. मग आईने फर्मान काढलं की पडद्यावर खालची अक्षरं वाचता येतील एवढा मोठा टीव्ही घ्या आणि आवाज बंद करून बघा.

बाबा जन्मभर एका कार्यालयात नकाशे काढायचे. निवृत्त झाले तरी आखायची टी-स्क्वेअर पट्टी हातातून सुटली नाही. त्यांनी रद्दी घेतली, त्रेचाळीस, पन्नास आणि पंचावन्न इंची टीव्हीच्या मापाचे कागद कापले आणि हॉलच्या भिंतीवर चिकटवले, एकावर एक. मग आरामखुर्चीत बसून ते त्या कागदांकडे बघत बसायचे. आईने एकदा त्यांच्या समोर चहा ठेवत विचारलं, “आज काय लागलंय?” तर म्हणाले, “बातम्याच. पण जुन्या आहेत.”

त्यांची आणखी एक खोड होती आणि तिच्यापुढे आम्ही केव्हाच हात टेकले होते. बाबा कधीही बंद खोक्यातली वस्तू घ्यायचे नाहीत. पंखा असो, इस्त्री असो, घड्याळ असो, दुकानात जी चालवून पाहिली तीच हवी. लोक डिस्प्लेला ठेवलेला पीस नको म्हणून भांडतात, आमचे बाबा तोच हवा म्हणून भांडायचे.

“काका, हा वर्षभर इथे चालू आहे,” विक्रेता कळवळून म्हणाला. “आत सीलबंद खोका आहे, नवाकोरा. तो देतो ना.”

“नवाकोरा चालतो की नाही हे तुम्ही सांगणार. हा चालतो हे मी बघितलंय.”

“बाबा, नवीन घेऊ या,” मी म्हणाले. दुकानात मी कधी तोंड उघडत नाही, त्यामुळे बाबांनी वळून पाहिलं.

“का?”

विक्रेता, आई, बाबा तिघंही माझ्याकडे बघत होते आणि भिंतीवरचे सगळे पोपट पंख मिटत होते.

“असंच,” मी म्हणाले.

“असंच हे कारण नसतं, भागूबाई,” बाबा म्हणाले आणि विक्रेत्याला म्हणाले, “काढा खाली.”

३

टीव्ही भिंतीवर लागला. कागद लावले होते बरोबर त्याच जागी. समोर बाबांची आरामखुर्ची, तिच्या मागे जेवणाचं टेबल, टेबलामागे आतल्या खोलीचं दार. खिडकी बाजूला, त्यामुळे उजेड तिरपा यायचा आणि बंद पडद्यात अख्खा हॉल उतरायचा.

आणि पडदा बंदच असायचा. मोठ्या हौसेने वस्तू घ्यायची आणि जपून वापरायची अशी आमच्या घरची रीत. बाबा संध्याकाळी बातम्या बघायचे, जेवणाआधी आई तिची मालिका, की भिंतीवरचं बटण बंद. नुसता रिमोटने बंद केलेला आईला चालत नसे. “तो लाल डोळा मिचमिचत राहतो,” म्हणायची.

दिवसा हॉल माझा असायचा. मी शाळेची विज्ञानाची पुस्तकं छापायला जाण्याआधी तपासते. ते काम घरूनच चालतं. टेबलावर कागदांचा गठ्ठा, आतल्या खोलीतून आईच्या मशीनचा आवाज. आई लोकांना पडदे शिवून देते. लांबलचक सरळ शिवणी, मशीन सुरू झालं की एका दमात पडद्याच्या टोकापर्यंत जातं, मग थांबतं, मग पुन्हा. त्या आवाजाची मला इतकी सवय आहे की तो थांबला की मी मान वर करते.

त्या दिवशी मी मान वर केली ती आई दारात आली म्हणून. म्हणजे पडद्यात आली म्हणून. काळ्या काचेत माझ्या मागचं दार उघडं होतं आणि आई हातात दोन कप घेऊन उभी होती. “ठेव इथे,” असं म्हणत मी कागद बाजूला केले. कप काही टेबलावर आले नाहीत. वळून पाहिलं तर दार लोटलेलं, आणि आतून मशीनचा एकसुरी आवाज.

मग मशीन थांबलं. खुर्ची सरकली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी वळलेली तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आई दोन कप घेऊन दारात उभी राहिली.

“अगं बाई, बघतेस काय भुतासारखी? धर.”

कागद बाजूला केलेलेच होते.

४

माझ्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी आहे. कुठल्याही काचेत दिसणारं दृश्य किंचित शिळंच असतं हे मला कळतं. उजेडाला जाऊन परत यायला वेळ लागतो. इतका थोडा की तो कुणाला जाणवू नये, पण लागतो. आरसा मागे पडू शकतो, पुढे जाऊ शकत नाही.

म्हणून मी स्वतःला पटवलं की चूक माझीच आहे. रोज दुपारी आई चहा आणतेच, मला ते माहीत असतं, डोळ्यांनी आधीच चित्र तयार केलं असेल. कागद वाचून वाचून डोळे शिणतात. झोप कमी होते. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. ते म्हणाले, नंबर तोच आहे, काळजी कमी करा. जणू तीही थेंब घालून कमी होते.

मग मी ठरवलं की याचा निकाल लावायचा. बाबा बाहेर गेले असताना त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले, अगदी समोर. पडद्यात मी होते. मी हलले नाही, तीही हलली नाही. मला हसू यायला लागलं. तेवढ्यात तिने उजवा हात वर केला आणि मान खाजवली, कानाच्या खाली.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आता बघू, म्हटलं. तू खाजवलीस, मी नाही खाजवणार. मान हुळहुळायला लागली. मी दात आवळून बसले. हे एवढं सोपं आहे, नुसतं बसून राहायचं आणि ती खोटी ठरणार.

आतून आईने हाक मारली, “अगं, गॅस बंद केलास का?”

“हो!” मी ओरडले. आणि ओरडताना माझा हात कानाखाली गेलेला होता, नखं मानेवर फिरत होती.

मी खुर्चीतून उठले. भीती वाटली ती काचेची नाही. तिच्याविरुद्ध माझ्या हातात काहीही नव्हतं, याची.

५

सुरुवातीला पडदा पापणी लवण्याइतका पुढे होता. मग तो वाढत गेला. आता कपातला चहा निवायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढा पुढे होता. बाबा खुर्चीत पेपर वाचत असायचे आणि काचेतली खुर्ची रिकामी असायची. मी श्वास धरून बसायचे. मग बाबा जांभई द्यायचे, उठायचे, दाढी करायला जायचे. खुर्ची खरीच रिकामी व्हायची आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

दर वेळी. दिवसातून कितीतरी वेळा.

आई म्हणायला लागली की माझं कामात लक्ष नाही. खरंच नव्हतं. मी चुका सोडायला लागले होते. एका पानावर चंद्र सूर्यापेक्षा मोठा छापला जायचा राहिला, प्रकाशकाचा फोन आला. मी सारखी त्या काचेत बघत असे आणि काचेतली ती माझ्याकडे. तिला माझ्यापेक्षा थोडं जास्त माहीत असे, बाकी आमच्यात काही फरक नव्हता. पण माझी नजर तिच्यापेक्षा खुर्चीवरच जास्त असायची. आईला रोजच्या रोज पाहत होते, स्वतःलाही, पण धास्ती वाटायची ती त्या रिकाम्या खुर्चीची. बाबा एकटे बाहेर पडतात. डाव्या बाजूने काय येतंय ते त्यांना कळत नाही. एक दिवस ही खुर्ची रिकामी दिसेल आणि नंतर कुणी दाढी करून परत येणार नाही. आणि मला ते थोडं आधी दिसेल. दिसून उपयोग काय, ते मांड्यांखाली हात दाबताना कळलंच होतं.

शेवटी मी बाबांना सांगितलं. सगळंच. ते शांतपणे ऐकत होते, चांगला कान माझ्याकडे करून.

“म्हणजे बंद असताना यात चित्र नीट येत नाही, अशी तुझी तक्रार आहे,” ते म्हणाले.

“बाबा!”

“नाही, दुकानात जाऊन नेमकं काय सांगायचं ते समजून घेतोय.”

“चेष्टा करू नका. मला हा घरात नकोय.”

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने पडद्याच्या उरलेल्या कापडाचं एक झाकण शिवून आणलं, कडेला दुहेरी शिवण, वरच्या बाजूला नाड्या. “घे,” म्हणाली, “झाकून टाक ते मढं.”

६

झाकल्यावर जास्त वाईट झालं. कापडाखाली ती खोली चालूच होती, फक्त मला दिसत नव्हती. मी पानं उलटत बसायचे आणि वाटायचं की आत्ता, आत्ता तिथे काहीतरी झालं. मग उठून कापडाचा कोपरा उचलायचे. खुर्ची, टेबल, आणि थोड्या वेळाने पुन्हा कोपरा उचलून वाकणारी मी. पुन्हा सोडायचे. आईने हे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“अहो, बदलून आणा तो टीव्ही,” ती बाबांना म्हणाली. “पोरगी वाळून चाललीय.”

“चांगला चालतोय गं.”

“तो चालतोय, ही चालेनाशी झालीय.”

मीही मागे लागले. जेवताना, चहाला, त्यांनी पेपर उघडला की. बदलून देण्याची मुदत संपत आली होती. मी म्हणाले, दुकानात फोन करू. बाबा म्हणाले, असली कामं फोनवर होत नाहीत, समोर उभं राहावं लागतं. मग चला आत्ता, मी म्हणाले. तुम्ही नसाल येत तर मी जाते.

“तू नको,” बाबा म्हणाले. “तू खरं कारण सांगशील आणि ते पोलिसांना बोलावतील. मी सांगतो की आवाज कमी येतो. माझ्या कानाकडे बघून कोण नाही म्हणेल?”

आई हसली. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

दुपारी त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या, टीव्हीवरचं कापड काढलं, मागे वाकून मॉडेलचा नंबर हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतला. कापड खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मी जिन्यापर्यंत गेले.

“रस्ता ओलांडताना डावीकडे वळून बघा,” मी म्हणाले.

“बरं, आजीबाई,” ते म्हणाले आणि खाली उतरले. त्यांच्या पावलांचा आवाज वळणापर्यंत आला, मग थांबला.

७

आत आले तेव्हा आईचं मशीन सुरू झालेलं होतं. पडदा उघडा होता. मी बघायचं नाही असं म्हणत बघितलं. काचेत खुर्ची रिकामी, आणि खोलीतही खुर्ची रिकामी. कापड पाठीवर, इकडेही, तिकडेही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दोन्ही खोल्या एकसारख्या होत्या. मी मोठ्याने श्वास सोडला. उद्या हा जाणार. दुसरा येईल, सीलबंद खोक्यातला, मुका, मागे पडणारा.

मी कामाला बसले. मन लागलंसुद्धा. अन्नसाखळीवरचा धडा होता, बाण उलटे काढले होते, गवत सशाला खात होतं. मी बाण सुलटे करत बसले. आत मशीन धावत होतं, थांबत होतं, धावत होतं. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं.

मान वर केली तेव्हा पडद्यातली मी उभी होती, टेबलाला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून.

मी बसलेली होते. फोन कागदांखाली होता.

बरं, म्हटलं, म्हणजे थोड्या वेळाने मी कुणाला तरी फोन करणार. त्यात काय. प्रकाशकाला करत असेन. पण प्रकाशकाशी बोलताना मी उभी राहत नाही. मग कुणाला? आणि टेबल का धरलंय? मी ठरवलं की फोन करायचाच नाही. तो कागदांखाली आहे, तिथेच राहील. पण बाबांना इतका उशीर का झाला, हा प्रश्न तोवर डोक्यात शिरला होता. पडद्यात पाहिलं नसतं तर तो आला असता का, कोण जाणे. आला, आणि मग दुसरं काही सुचेना.

मी कागदांखालून फोन काढला. बाबांना लावला. वाजत राहिला.

ऐकू आला नसेल. रस्त्यावर असले की त्यांना कधीच ऐकू येत नाही. पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला. मी दुकानात लावला. विक्रेत्याने लगेच उचलला.

“काका ना? ते केव्हाच निघाले की! हो म्हटलं त्यांना, उद्या सकाळी माणूस पाठवतो, हा घेऊन जाईल, नवा लावेल. खूश होते एकदम. का हो, पोचले नाहीत?”

“येतील,” मी म्हणाले.

“आमचं दुकान ते घर, कितीसं अंतर! येतीलच.”

मी पुन्हा बाबांना लावला. उभी राहिले होते, टेबल धरलं होतं. ते लक्षात आलं तशी मी हात काढून घेतला, पण पुढच्या घंटीला तो पुन्हा टेबलावर गेलेला होता. फोन वाजत होता. मी काचेकडे बघणार नव्हते.

काचेत मी उभी नव्हते. मी जमिनीवर होते, बाबांच्या खुर्चीला टेकून, पाय वेडेवाकडे पसरलेले. फोन दूर फरशीवर पालथा पडला होता. आई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि तिने माझे दोन्ही खांदे धरले होते. तिचं तोंड उघडं होतं. इतकं उघडं मी तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. गळ्यात शिंपिणीची मापाची पट्टी लोंबत होती. आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं तशी ती ओरडत होती.

आणि माझ्या मागे, बंद दाराआड, तिचं मशीन शांतपणे एक लांब शिवण घालत होतं.

फोन वाजत होता. मी अंगठा लाल खुणेवर नेला. बंद केला तर कुणी काही सांगणार नाही, कुणी सांगितलं नाही तर मी खाली बसणार नाही, मग ते चित्र खोटं. एवढं सोपं. अंगठा तिथेच राहिला. बाबांनी उचलला तर? आत्ता, या वाजण्याला, खिशातून फोन काढायला त्यांना वेळ लागतो, चष्मा वर सरकवून नाव बघतात आणि मग उचलतात. मी कापला आणि तेवढ्यात ते उचलणार असले तर?

आत मशीन थांबलं.

“कुणाला फोन लावतेस गं एवढा?” आईने आतून विचारलं. खुर्ची सरकली. “बाबा का? काय म्हणतात?”

दार उघडलं. गळ्यात मापाची पट्टी.

मी हाताने तिला थांबायची खूण केली, कारण कानातली घंटी थांबली होती. पलीकडे रस्ता होता, खूप माणसं एकदम बोलत होती, आणि कुणीतरी फोन तोंडाजवळ आणत होतं.

“बाबा?” मी म्हणाले.

“हॅलो,” एक अनोळखी माणूस म्हणाला. “हा फोन ज्यांचा आहे, त्यांच्या तुम्ही कोण?”